नवी वस्तू विकली का जात नाही? मडगावच्या स्कायबसपासून सुरुवात करून दिलेलं उत्तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरांसाठी, म्हणजे सुपारी-केळीच्या बागांसाठी, पंप आपोआप चालू-बंद करणारं यंत्र बनवलेल्या तिघा तरुण अभियंत्यांचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. थोडक्यात असा: जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, पंपाला जोडलेला कंट्रोलर आणि मोबाइलवर अ‍ॅप. प्रदर्शनात बक्षीस मिळालं, कौतुक झालं, पण विकत घेणारा कोणी येत नाही. त्यांना विचारायचं आहे की वस्तू खरोखर नवी आणि चांगली असूनही बाजारात का पडते, पूर्वी पडलेल्या वस्तूंकडून काय शिकता येतं, आणि आता पुढे काय करावं.

माझं आयुष्य इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा आराखडा करण्यात आणि त्या कारखान्यातून बाहेर काढण्यात गेलं, त्यातला बराच काळ वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. नव्या वस्तूचा आराखडा समोर आला की ती किती हुशार आहे हे मी नंतर बघतो. आधी बघतो की ती चालायची असेल तर आणखी कोणाकोणाला आपलं काम, पैसा, नियम किंवा सवय बदलावी लागेल. ही यादी जितकी लांब, तितकी वस्तू पडण्याची शक्यता जास्त. वस्तूच्या गुणवत्तेचा या यादीशी फारसा संबंध नसतो. खाली दिलेली उदाहरणं याच नजरेनं वाचा.

परदेशातल्या कंपन्यांकडे नंतर वळू. तुम्ही गोव्यातले आहात, तर मडगावपासूनच सुरुवात करू या.

कोकण रेल्वेचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांची स्कायबस ही कल्पना. रस्त्यावर खांब, खांबांवर काँक्रीटची पोकळ पेटी, पेटीच्या आत रूळ, रुळांवर चाकं, आणि त्या चाकांना खाली लटकलेला डबा. चाकं पेटीत बंदिस्त असल्यामुळे गाडी रुळावरून घसरून खाली पडायचा धोका नाही, असा दावा होता. जमीन फारशी घ्यायला नको, घरं पाडायला नकोत, खालचा रस्ता होता तसाच वाहता राहणार. म्हापसा ते पणजी असा साडेदहा किलोमीटरचा पहिला मार्ग योजला होता आणि २००३ साली गोव्याला नववर्षाची भेट म्हणून त्याची घोषणाही झाली होती. मडगावला १.६ किलोमीटरचा चाचणी मार्ग प्रत्यक्ष उभा राहिला. तो बघायला लोक मुद्दाम जायचे. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणी चालू असताना डबा खांबाला धडकला, कोकण रेल्वेचा एक कर्मचारी दगावला, तिघे जखमी झाले. त्यानंतर काम पुढे सरकलं नाही. खांब बरीच वर्षं तसेच उभे होते. शेवटी प्रकल्प गुंडाळून तो सांगाडा उतरवण्यात आला.

अपघातामुळे स्कायबस गेली, असंच सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. जर्मनीत वुपरताल शहरात अशीच लटकती रेल्वे १९०१ पासून धावते आहे, १३.३ किलोमीटरवर. एप्रिल १९९९ मध्ये दुरुस्तीच्या कामातला एक लोखंडी तुकडा तिच्या मार्गावर राहून गेला, सकाळची गाडी त्याला अडकून वुपर नदीत कोसळली आणि पाच माणसं मेली. स्कायबसपेक्षा हा अपघात मोठा होता, आणि तो प्रवासी बसलेल्या गाडीला झाला होता. तरी काही आठवड्यांत ती रेल्वे पुन्हा सुरू झाली. कारण त्या शहरातली माणसं रोज तिनंच कामावर जात होती. तिच्यावाचून त्यांचा दिवस अडत होता.

मडगावच्या मार्गावाचून कोणाचा दिवस अडत होता? कोणाचाच नाही. तो मार्ग कुठून कुठे जात नव्हता. आणि म्हापसा-पणजी मार्ग व्हायचा म्हटला तर राज्य सरकार, महामार्गाचं खातं, वीज खातं, दोन शहरांच्या पालिका, सरकारी बस चालवणारं कदंब महामंडळ, खासगी बसवाले, कर्ज देणाऱ्या बँका या सगळ्यांनी एकाच वेळी मान डोलवायला हवी होती. शिवाय ही गाडी रेल्वे म्हणावी तर रेल्वे नाही, बस म्हणावी तर बस नाही. तिला सुरक्षेचं प्रमाणपत्र कोणत्या नियमाखाली द्यायचं, इथूनच घोडं अडलेलं. एवढी साखळी जुळवायची तर वर्षानुवर्षांचा धीर लागतो, आणि धीर धरायला त्या वस्तूचा वापर करणारी माणसं मागे लागतात. ती नसताना पहिला फटका बसला आणि सगळे बाजूला झाले. राजाराम यांच्या कल्पनेबद्दल मला आदर आहे. भारतात मुळापासून नवं काही उभं करू पाहणारे अभियंते मोजकेच, आणि आपल्या डोळ्यांदेखत गोव्यात हे घडत होतं याचा मला अजून अभिमान वाटतो. पण तो सांगाडा उतरवताना तंत्राची चर्चा जितकी झाली त्याच्या निम्मीसुद्धा या साखळीची झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता त्याच कोकण रेल्वेची दुसरी वस्तू घ्या. १९९९ च्या जानेवारीत कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक उतारावरून थेट सपाट वाघिणीवर चढवायचा, चालक आणि क्लीनर ट्रकमध्येच, आणि चारशेहून जास्त किलोमीटरचा घाटरस्ता टळला. वेर्ण्याला उतरायचं आणि पुढे निघायचं. भारतात हा प्रकार आधी झाला नव्हता. ती सेवा आजही चालू आहे. इथे बदलायचं कोणाला होतं? जवळजवळ फक्त रेल्वेला. ट्रक तोच, चालक तोच, मालाची बांधणी तीच, व्यापाऱ्याची पावती तीच. मालकाला डिझेल आणि टायर वाचल्याचं पहिल्याच फेरीत कळत होतं. स्कायबसपुढे रो-रोची कल्पना कोणालाही साधीच वाटेल, आणि टिकली तीच.

तिसरी वस्तू या दोघांच्या मधली, आणि अभियंता म्हणून मला सगळ्यात जास्त शिकवणारी. टक्कररोधी यंत्रणा, म्हणजे एसीडी. कोकण रेल्वेनं तिला रक्षा कवच असंही नाव दिलं होतं. प्रत्येक इंजिनात, गार्डच्या डब्यात, स्टेशनवर आणि फाटकावर एकेक पेटी. इंजिनातली पेटी उपग्रहावरून आपली जागा ओळखते, आसपासच्या पेट्यांशी रेडिओवर बोलते, आणि धोका दिसला तर चालकाची वाट न बघता ब्रेक लावते. कोकण रेल्वेवर ती बसली. मग ईशान्य सीमा रेल्वेवर मोठ्या प्रमाणावर बसवून बघितली, आणि तिथे अडचणी निघाल्या. सगळ्यात मोठी अशी की शेजारीशेजारी दोन-तीन रूळ असतील तर गाडी नेमक्या कोणत्या रुळावर आहे हे उपग्रहाच्या आधारानं खात्रीनं सांगणं कठीण. दोन रुळांमधलं अंतर चार-पाच मीटर, आणि त्या काळच्या साध्या जीपीएसची चूकही त्याच घरातली. त्यामुळे धोका नसताना ब्रेक लागायचे. कोकण रेल्वे बहुतांश एकेरी मार्गाची. तिथे दोन स्टेशनांच्या मध्ये हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

आपल्या घरच्या परिस्थितीत उत्तम चालणारी वस्तू बाहेरच्या परिस्थितीत का अडते, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. चूक कारागिरीची नव्हती. ज्या जमिनीवर ती वस्तू जन्मली त्या जमिनीनं एक अवघड प्रश्न लपवून ठेवला होता. पुढे भारतीय रेल्वेनं वेगळी यंत्रणा विकसित केली. तिच्यात रुळांमध्येच आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओवरून आपली ओळख सांगणाऱ्या छोट्या चकत्या बसवतात, म्हणजे गाडीला आपला रूळ ओळखता येतो. २०२० साली तीच राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली आणि तिचं नाव कवच. कोकणात सुरू झालेला विचार दुसऱ्या रूपात का होईना पण देशभर गेला, हेही लक्षात ठेवा. बाजारात पडलेली प्रत्येक वस्तू वाया जाते असं नाही.

तुमच्या यंत्राला हाच प्रश्न विचारा. तुम्ही ते कुठे चालवून बघितलं? कॉलेजच्या आवारात, चांगल्या वायफायवर, स्वतः देखरेख करत? की ब्रह्मकरमळी-वाळपईकडच्या एखाद्या डोंगराच्या कुशीत, जिथे फोनला एक दांडी येते आणि जाते?

परदेशातल्या उदाहरणांत सगळ्यात आधी बेटामॅक्सचं नाव निघतं, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. सोनीनं १९७५ मध्ये बेटामॅक्स आणलं, जेव्हीसीनं १९७६ मध्ये व्हीएचएस. लोक सांगतात की बेटामॅक्सचं चित्र उत्तम होतं तरी व्हीएचएस जिंकलं, म्हणजे बाजाराला गुण कळत नाहीत. पण घरच्या टीव्हीवर तो फरक सामान्य माणसाला जेमतेम दिसायचा. दिसायचा तो वेळ. सुरुवातीच्या बेटामॅक्स कॅसेटवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. एका कॅसेटमध्ये अख्खा सिनेमा मावणं हा गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा गुण होता. शिवाय जेव्हीसीनं आपलं तंत्र इतर कंपन्यांना मोकळ्या हातानं वापरू दिलं, त्यामुळे व्हीएचएसची यंत्रं चारही बाजूंनी आली आणि स्वस्त झाली.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घरोघरी येऊ लागले. गोव्यात व्हीसीआर यायचे ते आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या माणसांच्या सामानातून. म्हापसा, फोंडा, मडगावच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्यापुढे साधा हिशेब होता: दुकानात एकच फळी, तिच्यावर गावात ज्याची यंत्रं जास्त त्याच्याच कॅसेटी. आणि नवा व्हीसीआर मागवणारा आपल्या भावाला सांगायचा, लायब्ररीत ज्याच्या कॅसेटी मिळतात तोच आण. असं एकदा फिरायला लागलं की चित्राचा दर्जा कितीही असो, दुसऱ्याला त्या चाकात शिरता येत नाही. १९८८ मध्ये सोनीनं स्वतः व्हीएचएस यंत्रं बनवायला घेतली. बेटामॅक्स यंत्रांचं उत्पादन २००२ पर्यंत आणि कॅसेटींचं २०१६ पर्यंत चालू होतं, म्हणजे वस्तू मेली नाही, पण बाजार मात्र केव्हाच गेला होता.

तुम्हाला माझ्या मते सगळ्यात जवळचं उदाहरण सिम्प्युटरचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१९९८ च्या सुमाराला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरमधली मंडळी एकत्र आली. साध्या माणसाला वापरता येईल असा हातातला संगणक करायचा त्यांचा निर्धार होता. लिनक्सवर चालणारा, बोटानं किंवा काडीनं पडद्यावर चालवायचा, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारा. एका गावात एक यंत्र आणि प्रत्येकाकडे आपापलं स्मार्ट कार्ड, म्हणजे न परवडणाऱ्यालाही वापर करता यावा. २००१ मध्ये नमुना लोकांसमोर आला तेव्हा जगभर नाव झालं. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेला अमिडा सिम्प्युटर बाजारात आला, किंमत दहा हजारांच्या जरा आतून सुरू. यंत्र तिरकं केलं की पडद्यावरची गोष्ट हलायची. ही करामत स्मार्टफोनमध्ये लोकांनी कितीतरी नंतर बघितली.

विक्री झाली सुमारे ४,०००. अपेक्षा ५०,००० ची होती.

माझ्या पिढीतल्या अभियंत्यांना हे फार लागलं. बुद्धी होती, हेतू स्वच्छ होता, परदेशी कंपनीची नक्कल नव्हती. मग अडलं कुठे? आधी यादी बघा. यंत्र गावासाठी, पण गाव ते विकत घेणार नाही. घेणार सरकारी खातं, बँक किंवा संस्था. त्यांनी घ्यायचं तर त्यांनी आधी आपलं काम संगणकावर आणायला हवं, गावातली माहिती गोळा करायला हवी, ती स्थानिक भाषेत ठेवायला हवी, यंत्र सांभाळणारा माणूस नेमायला हवा, बिघडलं तर दुरुस्ती कुठे हे ठरवायला हवं. सिम्प्युटरच्या चमूच्या हातात यातलं काहीच नव्हतं. आणि सरकारी खरेदीची वाट बघण्यात जी वर्षं गेली त्याच वर्षांत मोबाइल स्वस्त झाला. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. धुळीला न घाबरणारी कळपाटी, घामट हातातून न निसटणारी पाठ, आणि डोक्यावर एक बॅटरी, म्हणजे टॉर्च. जगभर पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला. तंत्राच्या दृष्टीनं सिम्प्युटरपुढे तो काहीच नव्हता. पण तो शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं घेतला, त्याला कोणाच्या खात्याची मंजुरी लागली नाही, आणि रात्री पंप बघायला जाताना त्याची बॅटरी कामाला आली.

तुमच्या पत्रात ‘कृषी खात्याच्या अनुदानाच्या यादीत नाव आलं की विक्री सुरू होईल’ असं एक वाक्य आहे. त्या वाक्याची मला काळजी वाटते. अनुदान मिळालं तर जरूर घ्या. पण अनुदानाशिवाय एकही बागायतदार घेत नसेल, तर अनुदानानं तो प्रश्न सुटत नाही, काही वर्षं झाकला जातो.

मोटोरोलाच्या इरिडियमची गोष्ट पैशाच्या आकड्यांमुळे प्रसिद्ध आहे. जगाच्या पाठीवर कुठूनही बोलता येईल असा फोन. त्यासाठी पृथ्वीभोवती ६६ उपग्रह, खर्च सुमारे ५ अब्ज डॉलर. १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. हँडसेट जवळपास ३,००० डॉलरचा, विटेएवढा, आणि बोलायला उघड्या आकाशाखाली जावं लागायचं. इमारतीत बसून चालत नव्हता. ज्या व्यापाऱ्यासाठी तो बनवला तो दिवसभर इमारतीतच बसायचा. कल्पना सुचली १९८७ च्या आसपास, उपग्रह वर गेले दहा वर्षांनी. तोवर मोठ्या शहरांत साधे मोबाइल पोहोचले होते. उपग्रहांचा आराखडा एकदा ठरला की मधे बदलता येत नाही, आणि बाजार कोणासाठी थांबत नाही.

पण पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. ती सगळी व्यवस्था नव्या मालकांनी अवघ्या अडीच कोटी डॉलरना घेतली आणि जहाजं, विमानं, सैन्य, खाणी अशा ठिकाणी नेली, जिथे आकाश उघडंच असतं आणि दुसरा पर्याय नसतो. तिथे ती आजवर चालते. आपल्या बोटीवर जाणाऱ्या माणसांना विचारा. वस्तू तीच, गिऱ्हाईक बदललं. भारतात मात्र परवानगीशिवाय असा फोन बाळगता येत नाही, आणि गोव्याच्या विमानतळावर उपग्रहाशी बोलणारी उपकरणं सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. नियमसुद्धा वस्तूच्या यादीत असतो, तो असा.

अ‍ॅपलच्या न्यूटनबद्दल एवढंच सांगतो: १९९३ मध्ये आलेला हातातला संगणक, हस्ताक्षर ओळखणारा, सुमारे ७०० डॉलरचा. पहिल्या आवृत्तीत तो अक्षरं इतकी चुकवायचा की लोकांनी त्याची टर उडवली, आणि पुढे सुधारला तरी ते नाव पुसलं गेलं नाही. १९९८ मध्ये बंद झाला. पण त्याच्यासाठी कमी विजेवर चालणारा प्रोसेसर हवा म्हणून अ‍ॅपलनं १९९० मध्ये ज्या एआरएम कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला, त्याच घराण्याचे प्रोसेसर आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आणि बहुधा तुमच्या कंट्रोलरमध्येही आहेत. एटी अँड टीचा चित्रफोन १९७० मध्ये पिट्सबर्गला सुरू झाला, महिना १६० डॉलर. समोरच्याकडेही तो असल्याशिवाय उपयोग शून्य, म्हणून पहिल्यानं घ्यायलाच कोणी तयार नाही. सेग्वे, म्हणजे उभं राहून चालवायची दोन चाकांची विजेची गाडी, रस्त्यावर चालवायची की पदपथावर हे अनेक शहरांना बराच काळ ठरवता आलं नाही.

आपल्या नदीतलं एक ताजं उदाहरण मात्र सोडवत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पणजीत सौरऊर्जेवर चालणारी फेरीबोट आली, साठ प्रवाशांची. बोट छान होती. पण चोडणला, दिवाडीला जाणारा माणूस आपली स्कूटर घेऊन फेरीत चढतो, कारण पलीकडे उतरल्यावर त्याला घर गाठायचं असतं. फक्त माणसं नेणाऱ्या बोटीचा त्याला काय उपयोग? ती बोट बराच काळ बांधूनच राहिली. याउलट केरळमध्ये वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर २०१७ पासून आदित्य नावाची सौर फेरी रोज फेऱ्या मारते. तिथे आधीपासूनच फक्त माणसं नेणाऱ्या डिझेलच्या बोटी होत्या, त्याच जागी ती आली. प्रवाशाला काहीच बदलावं लागलं नाही, आणि डिझेलचा खर्च वाचला तो थेट चालवणाऱ्या खात्याचा.

आता तुमच्या यंत्राकडे येतो.

कुळागरातला पंप रोज कोण चालवतं? मालक पणजीला किंवा फोंड्याला असतो. पंप चालवतो तिथला कामगार. मी ज्या ज्या कुळागरांत गेलो तिथे त्याची पद्धत एकच बघितली: स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडतो, आत पाल किंवा मुंग्या नाहीत ना बघतो, हिरवं बटण दाबतो, कान देऊन मोटरचा आवाज ऐकतो, मग पाइपवर हात ठेवतो. पाइप थरथरला की पाणी चढलं. आवाज जड आला, घोंघावला, की एक फेज गेली, ताबडतोब लाल बटण. या दोन मिनिटांत त्याला जे कळतं ते तुमच्या अ‍ॅपला कळत नाही. आणि अ‍ॅप आहे मालकाच्या फोनवर. म्हणजे यंत्र बसवलं की पंपाचा ताबा कामगाराकडून मालकाकडे जातो आणि बिघाडाचा दोष मात्र कामगारावर येतो. तो त्या यंत्राची वायर का सांभाळेल?

दुसरी गोष्ट ओलाव्याच्या सेन्सरची. तुम्ही दोन धातूच्या पट्ट्या जमिनीत खुपसणारा स्वस्त सेन्सर वापरला आहे. सतत वीज वाहिली की ओल्या मातीत त्या पट्ट्या झिजतात, आणि एका हंगामात मोजमाप भरकटतं. धारितेवर चालणारा (कपॅसिटिव्ह) सेन्सर घेतलात तर झीज टळेल, पण आपल्या जांभ्या मातीला तो वेगळा जुळवून घ्यावा लागेल. आणि एक सेन्सर सांगतो तो हातभर जागेचा ओलावा. कुळागरात वरच्या टप्प्यावर सुपारी, मधे केळ, खाली पाटाजवळ माती कायम ओली. किती सेन्सर लावणार, आणि साळिंदरानं, उंदरानं वायर कुरतडली तर जोडणार कोण?

मालक दरवर्षी खिशातून पैसे कशावर घालवतो हे शोधा. जास्त पाणी दिलं म्हणून त्याचं नुकसान होत असेल, पण ते त्याला दिसत नाही. दिसते ती जळलेली मोटर. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं किंवा झरीचं पाणी खाली जातं, पंप कोरडा चालतो आणि मोटर जाते. फेज जाते, मोटर जाते. पहिल्या वळवाच्या गडगडाटात वीज पडते, मोटर नाहीतर स्टार्टर जातो. मग मोटर खोलून काढायची, गाडीत घालून रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटरची जळलेली तार नव्यानं गुंडाळून देणाऱ्याकडे न्यायची, तिथे रांग, आणि ऐन उन्हाळ्यात बाग आठ-दहा दिवस तहानलेली. हे दुःख त्याला पाठ आहे, त्याची रक्कमही पाठ आहे.

म्हणून माझा सल्ला असा. तुमच्या कंट्रोलरचा जो भाग मोटरचा करंट मोजतो तो पुढे आणा. कोरडा पंप, गेलेली फेज, कमी-जास्त व्होल्टेज, या सगळ्यांवर मोटर बंद करणारी एक पेटी, आहे त्याच स्टार्टरच्या पेटीत मावणारी, हिरवं-लाल बटण आहे तसंच ठेवणारी. सोबत साधा टायमर. बंद पडण्याचं कारण दाखवायला तीन दिवे, लांबून दिसतील असे, आणि त्यांच्याशेजारी मराठीत लिहिलेलं: पाणी नाही, फेज नाही, व्होल्टेज. कामगाराला ते वाचून मालकाला फोन करता आला की तोही यंत्राच्या बाजूचा झाला. अ‍ॅप नंतर, ज्याला हवं त्याला. ओलाव्याचा सेन्सर त्याहून नंतर. मला ठाऊक आहे की तुमची सगळी मेहनत त्या सेन्सरवर गेली आहे आणि बक्षीसही त्यालाच मिळालं. पण मोटर वाचवणारी पेटी आधी भिंतीवर लागली, तरच पुढे सेन्सर जोडायला जागा मिळेल.

अशा संरक्षणाच्या पेट्या बाजारात आधीपासून मिळतात, हे तुम्ही म्हणाल. मिळतात. पण त्या बसवून देणारा, आपल्याकडच्या पावसात टिकाव धरतील अशा करणारा आणि दुसऱ्या दिवशी बदलून देणारा सत्तरीत कोणी आहे का ते बघा. सर्किटच्या छापील पट्टीवर ओल रोखणारा लेप दिल्याशिवाय एकही नग बाहेर काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे बंद कपाटातल्या चपलांना बुरशी येते, उघड्या सर्किटची काय कथा. विजेच्या झटक्यासाठी एमओव्ही, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज शोषणारा छोटा भाग, घालालच, पण अर्थिंग नसेल तर तो पुरा पडत नाही, म्हणून बसवताना अर्थिंग तपासून द्यायचं काम किमतीतच धरा.

आणि रिवाइंडिंगवाल्याला विसरू नका. बागायतदार मोटरच्या बाबतीत त्याचाच शब्द मानतो. तुमची पेटी चालली तर त्याच्याकडे येणाऱ्या मोटरी कमी होणार, म्हणजे यादीतला सगळ्यात मोठा विरोधक तोच. त्याला वगळून सरळ मालकाकडे गेलात तर तो मालकाला एकच वाक्य सांगेल, ‘असल्या पेट्यांनीच मोटर जाते,’ आणि तुमचं दुकान बंद. त्यापेक्षा पेटी त्याच्या हातूनच बसवा. बसवण्याचे पैसे त्याचे, विक्रीतला वाटा त्याचा, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला तपासणीची फी त्याची. त्याच्या टेबलावर एक जादा पेटी कायम ठेवा, म्हणजे बिघडली की तो तिथल्या तिथे बदलून देईल. फोंड्याला, डिचोलीला, वाळपईला मिळून असे दोन-तीन कारागीर जोडले तरी पहिल्या हंगामाला पुरेत.

किंमत ठरवताना एका रिवाइंडिंगच्या खर्चाच्या वर जाऊ नका. आणि पहिल्या काही पेट्या नातेवाइकांच्या किंवा ओळखीच्यांच्या बागेत फुकट लावू नका. फुकटातली वस्तू बंद पडली तर कोणी कळवतसुद्धा नाही, नुसती वायर सोडवून ठेवतो. पैसे दिलेला माणूस फोन करून भांडतो, आणि त्याच्या भांडणातूनच पुढची आवृत्ती सुधारते. थंडी संपायच्या आत पेट्या बसल्या तर पाणी उतरण्याचे महिने आणि वळवाचा पाऊस दोन्ही त्यांच्या अंगावरून जातील. जूनमध्ये प्रत्येक पेटीनं किती वेळा मोटर बंद केली आणि कशामुळे, याची नोंद घेऊन या, मग अ‍ॅपचं बघू.